खराब हवामानातली लांब पल्ल्याची मदतनिधी सायकल राइड: निधीच्या अटींपासून शेवटच्या हिशोबापर्यंत

मदतनिधीच्या राइडमध्ये प्रत्येक रायडरवर एक जास्तीचं ओझं असतं. त्याच्या नावावर लोकांनी पैसे दिलेले असतात, ते कुणाच्या तरी उपचाराला किंवा शिक्षणाला जायचे असतात, आणि मग अर्ध्यातून परत फिरणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं असं वाटायला लागतं. हवा चांगली असली तर या ओझ्याने काही बिघडत नाही. उलट शेवटचे २० किलोमीटर माणूस त्याच्याच जोरावर काढतो. पण मुसळधार पाऊस, बोचरा वारा किंवा रणरणतं ऊन असलं की हेच ओझं त्याला थांबायच्या वेळी थांबू देत नाही. म्हणून पहिली पायरी सायकलची नाही, पैशांची आहे.

निधीच्या अटी आधी ठरवा

दर किलोमीटरला अमुक रक्कम अशा पद्धतीने देणग्या घेऊ नका. ही पद्धत कितीही उत्साह वाढवणारी वाटली तरी खराब हवामानात ती धोक्याची आहे. ओठ निळे पडलेला रायडर ‘अजून १५ किलोमीटर झाले की इतके पैसे वाढतील’ असा हिशोब करत बसतो. देणगी ठोक रकमेची घ्या आणि देणगीच्या अर्जावरच एक वाक्य छापा: ‘हवामानामुळे राइड लहान केली, पुढे ढकलली किंवा रद्द केली तरी ही देणगी ठरलेल्या कामालाच दिली जाईल.’ एखाद्या देणगीदाराला किलोमीटरचाच हिशोब हवा असेल तर रायडर सुरुवातीच्या रेषेवर हजर झाला की पूर्ण अंतर धरायचं, असं त्याच्याकडून लिहून घ्या.

पदकाचंही तेच. पूर्ण अंतर कापणाऱ्याला पदक आणि मध्येच थांबलेल्याला नुसतं प्रमाणपत्र, असा भेद ठेवू नका. स्पर्धेत तो योग्य आहे, इथे नाही.

देणगीचा पैसा आणि राइडच्या खर्चाचा पैसा सुरुवातीपासून वेगळा ठेवा. जेवण, गाड्या, विमा, रुग्णवाहिका हा खर्च रायडरच्या प्रवेशशुल्कातून किंवा प्रायोजकांकडून निघाला पाहिजे. देणगीतून काही खर्च वळता करायचा असेल तर किती टक्के, ते देणगी घेण्याआधी जाहीर करा. शक्य असेल तिथे पैसे थेट ज्या संस्थेसाठी राइड आहे तिच्या खात्यात जाऊ द्या आणि पावतीही तिनेच द्यावी. विमा घेताना दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: स्वयंसेवक त्यात धरलेत का, आणि हवामानाचा इशारा जारी झालेला असताना राइड सुरू ठेवली तर विमा लागू राहतो का.

थांबण्याच्या अटी कागदावर उतरवा

राइड कमी करायची की थांबवायची हे त्या दिवशी, भिजलेल्या अवस्थेत, चार जणांच्या चर्चेतून ठरत नाही. आकडे आधी लिहून ठेवा आणि निर्णय एकाच माणसाकडे द्या. तो माणूस स्वतः राइडमध्ये नसावा आणि निधी जमवण्याची जबाबदारीही त्याच्याकडे नसावी. आम्ही सुचवतो त्या अटी अशा:

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर सगळ्यांनी लगेच आडोशाला जायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं पूर्ण झाल्याशिवाय निघायचं नाही. आडोसा म्हणजे पक्की इमारत किंवा बंद काचांची गाडी. एकटं झाड किंवा तिन्ही बाजूंनी उघडी शेड म्हणजे आडोसा नव्हे. सायकलच्या रबरी टायरमुळे विजेपासून संरक्षण मिळतं हा समज साफ चुकीचा आहे.

सलग वारा ताशी ४० किलोमीटरवर गेला तर उघडे पूल आणि डोंगरमाथे टाळणारा छोटा मार्ग घ्यायचा. झोत ६० च्या वर जाऊ लागले तर राइड थांबवायची, कारण आडव्या झोताने हलका रायडर रस्त्याच्या मधोमध फेकला जातो. तापमान ५ अंशांच्या खाली आणि सततचा पाऊस असेल तर छोटा मार्ग. रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला असेल तर राइड नाही. दाट धुक्यात १०० मीटरच्या पलीकडचं दिसत नसेल तर वाहतुकीच्या रस्त्यावर जायचं नाही. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं असलं तरी त्यात सायकल घालायची नाही; खालचा रस्ता खचलाय की गटाराचं झाकण वाहून गेलंय, हे वरून कळत नाही.

उन्हासाठी नुसतं तापमान पुरत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे ३३ अंशांतही माणूस कोसळू शकतो. तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र धरणारा ‘वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर’ हा आकडा पाहा. तो २८ वर गेला की अंतर कमी करा आणि थांबे वाढवा. ३२ वर गेला की थांबवा.

अंदाज किमान चार वेळा तपासा: ५ दिवस आधी, ४८ तास आधी, आदल्या संध्याकाळी आणि निघण्याच्या २ तास आधी. दिवसाचं कमाल तापमान पाहून काही कळत नाही. तासागणिक वाऱ्याची दिशा, झोतांचा वेग आणि पाऊस पाहा, आणि तोही मार्गावरच्या सर्वात उंच जागेचा. दर १०० मीटर चढाईला तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरतं. पायथ्याशी १२ अंश असतील तर १००० मीटर वर ५-६ अंश असतात.

मार्ग वाऱ्याकडे बघून आखा

समोरच्या वाऱ्याचा परिणाम बहुतेक जण कमी लेखतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २५ ने चालणाऱ्या रायडरच्या समोर ताशी २० चा वारा आला तर हवेच्या दृष्टीने तो ४५ ने चाललाय. विरोध सव्वातीन पट होतो. जाताना गमावलेला वेळ येताना पाठवाऱ्यावर भरून निघेल हा हिशोबही चुकतो. १२० किलोमीटर शांत हवेत २४ च्या वेगाने ५ तासांत होतात. जाताना १६ आणि येताना ३२ चा वेग पडला, तर जायला पावणेचार आणि यायला जवळपास दोन, म्हणजे ५ तास ३७ मिनिटं लागतात. समोरच्या वाऱ्यात रायडर जास्त वेळ काढतो, म्हणून तोटा होतोच. थांबे बंद करायच्या वेळा, स्वयंसेवकांच्या पाळ्या आणि अंधार पडायची वेळ हे सगळं या वाढीव वेळेवर बेता.

गोल किंवा जाऊन-येऊन असा मार्ग असेल तर पहिला अर्धा भाग वाऱ्याच्या विरुद्ध ठेवा. ताजे पाय आधी झुंजतात आणि थकलेला रायडर वाऱ्याच्या मदतीने परततो. उलटं केलं तर सगळे उत्साहात लांब निघून जातात आणि परतताना एकेक जण गळायला लागतो.

चांगल्या हवेत थांबे ३५-४० किलोमीटरवर चालतात, खराब हवेत ते २०-२५ वर आणा. प्रत्येक थांब्याला छप्पर, तीन बाजूंनी वारा अडवणारी भिंत किंवा ताडपत्री आणि गाडी आत येण्याइतका रस्ता हवा. दोन थांब्यांच्या मध्ये निदान एक ‘सुटका जागा’ नकाशावर ठरवून ठेवा, जिथून रायडरला उचलता येईल.

हजेरी हा कंटाळवाणा पण सर्वात महत्त्वाचा भाग आहे. प्रत्येक थांब्यावर रायडरचा क्रमांक, येण्याची वेळ आणि निघण्याची वेळ लिहायची. लिहायला पेन्सिल ठेवा, ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही. राइड सोडणाऱ्याची क्रमांकाची पाटी काढून ताब्यात घ्यायची, म्हणजे परस्पर घरी गेलेल्या माणसाला रात्री शोधत बसावं लागत नाही. शेवटची गाडी शेवटच्या रायडरच्या मागेच राहील, त्याच्यापुढे कधीही जाणार नाही.

आणि स्वयंसेवकांना विसरू नका. रायडर हालचालीने गरम राहतो, थांब्यावर उभा माणूस त्याच्याआधी गारठतो. दर २ तासांनी पाळी बदला.

सायकल: पाऊस काय काय खातो

मडगार्ड पूर्ण लांबीचे लावा आणि मागच्या मडगार्डला खाली रबराची पट्टी जोडा. रायडरची स्वतःची पाठ आणि बूट कोरडे राहतात, शिवाय मागच्याच्या तोंडावर चिखल उडत नाही. ‘मडगार्ड नसेल तर पावसात गटात शिरायचं नाही’ असा नियम करायला हरकत नाही.

टायर २८ ते ३२ मिमी. ७० ते ७५ किलोच्या रायडरला २८ मिमी टायरमध्ये कोरड्या रस्त्यावर मागे ७० ते ७५ आणि पुढे ६५ ते ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ठीक असतात. ओल्या रस्त्यावर दोन्हीकडे ५ ते ८ ने कमी करा. टायरवर छापलेली किमान-कमाल मर्यादा पाहा. हुकलेस रिम (टायरची कड अडकवायला आतून कंगोरा नसलेली) असेल तर ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, ही कमाल मर्यादा असते. आदल्या दिवशी टायर हळूहळू फिरवून रबरात रुतलेल्या काचा आणि खडे टोकदार चिमट्याने काढा. आज नुसती रुतलेली काच उद्या भिजलेल्या रस्त्यावर आत सरकते. पाणी वंगणासारखं काम करतं, त्यामुळे पावसात पंक्चर जास्त होतात.

ब्रेकचं नीट पाहा. डिस्क ब्रेकच्या पॅडचा घासणारा थर १ मिमीवर आला असेल तर आधीच बदला. रेझिन (राळेचे, मऊ) पॅड वाळूमिश्रित चिखलात लांब उतारांच्या एका दिवसात संपू शकतात. धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात, पण आपली डिस्क त्यांना चालते का हे डिस्कवरच लिहिलेलं असतं, ते वाचा. नवे पॅड आदल्या रात्री बसवून थेट राइडला जाऊ नका. मध्यम वेगातून २०-२५ वेळा, चाक अडकू न देता, सायकल जवळजवळ थांबवा. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला तेवढं लागतंच. रिम ब्रेक असेल तर पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे कण सुईने काढा, नाहीतर ते रिम कोरतात.

चेनला पावसाळी, म्हणजे घट्ट तेल. आदल्या रात्री चेन कोरडी पुसून प्रत्येक रोलरवर एक थेंब, चाक उलटं फिरवून १० मिनिटं मुरू द्यायचं, मग बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसायचं. तेल आत हवं. बाहेर राहिलेल्या तेलाला वाळू चिकटते आणि तीच दात खाते. चेन मापकावर ११ किंवा १२ गीअरची चेन ०.५ टक्के आणि ८ ते १० गीअरची ०.७५ टक्के ताणलेली दिसली तर बदला, पण किमान १०० किलोमीटर आधी. नवी चेन जुन्या कॅसेटवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर) घसरते का, हे राइडच्या दिवशी कळून उपयोग नाही.

दिवे दिवसाही चालू ठेवायचे. मागचा मुख्य लाल दिवा स्थिर ठेवा, कारण लुकलुकणाऱ्या दिव्यावरून मागच्या वाहनाला अंतराचा अंदाज नीट येत नाही. थंडीत लिथियम बॅटरीची ताकद घटते, तेव्हा डब्यावर ८ तास लिहिले असतील तर ५ धरा आणि दुसरा दिवा सोबत ठेवा. फोनचा पडदा पावसात आपोआप दाबला जातो किंवा बोटाला दाद देत नाही. मार्गाची एक चिठ्ठी कागदावर हवीच: वळणाचं अंतर, दिशा, खूण आणि तळाशी मदतीचा क्रमांक, ठळक मोठ्या अक्षरात, झिपच्या पिशवीत, स्टेमला (हँडल धरणाऱ्या नळीला) चिकटपट्टीने लावलेली.

कपडे

पाण्यातून शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने निघून जाते. त्यामुळे लांब पल्ल्यात पूर्ण कोरडं राहण्याचा हट्ट सोडा, ओलं झालं तरी गरम राहायचं आहे. अंगालगत बारीक लोकर किंवा घाम बाहेर फेकणारं कृत्रिम कापड. सुती बनियन नको, ते पाणी धरून ठेवतं. त्यावर जर्सी, वारा अडवणारं बिनबाह्यांचं जाकीट आणि सर्वात वर पाठीमागून लांब असलेलं, काखेत हवा खेळायला चेन असलेलं रेनकोट. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. निघतानाच ऊब वाटली तर २० मिनिटांत आतून घामाने भिजाल आणि पहिल्याच उतारावर तोच घाम गोठवेल.

हातांसाठी निओप्रीनचे (फोमसारख्या कृत्रिम रबराचे) मोजे उत्तम, भिजले तरी ऊब देतात. बोटं बधिर झाली की गीअर बदलता येत नाही, ब्रेक ओढता येत नाही, खाऊचं पाकीटही फोडता येत नाही, आणि मग खाणं थांबून थंडी आणखी वाढते. पायांना बुटांवरची आवरणं घाला, पण ती घोट्यावर पायजम्याच्या आत गेली पाहिजेत, वरून ओढली तर पाणी पायावरून वाहत थेट बुटात जमतं. हेल्मेटखाली पुढे झडप असलेली पातळ टोपी घाला, डोळ्यांवर पाऊस येत नाही.

थांब्यावर पोचवायच्या पिशवीत हे हवंच: कोरडी अंतर्वस्त्रं, कोरडे पायमोजे, दुसरे हातमोजे, टॉवेल, टोपी. सगळं दोन पदरी प्लॅस्टिकमध्ये. अर्ध्या अंतरावर पायमोजे बदलणं आणि पायाला मलम लावणं यात ६ मिनिटं जातात आणि पाय पांढरे पडून सोलायचे वाचतात. गादीच्या पँटला भरपूर क्रीम लावा. ओल्या पँटमध्ये घर्षण दुप्पट जाणवतं.

सराव

१० ते १२ आठवडे धरा. आठवड्याचं एकूण अंतर दर वेळी १० टक्क्यांच्या आसपास वाढवा, दर चौथ्या आठवड्यात कमी करा आणि सर्वात लांब सराव मूळ अंतराच्या ७० ते ७५ टक्क्यांवर थांबवा. उन्हातली राइड असेल तर शरीराला सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात रोज तासभर उन्हात हलका व्यायाम हवा.

याहून महत्त्वाचे म्हणजे पावसातले दोन-तीन सराव. घरापासून ५ किलोमीटरच्या परिघातच फिरा, म्हणजे काही बिनसलं तर लगेच परतता येतं. त्यात मुद्दाम करून पाहायच्या गोष्टी: ओले हातमोजे घालून ट्यूब बदलणं, चालत्या सायकलवर खाऊचं पाकीट उघडणं, रस्त्याच्या कडेला २ मिनिटांत रेनकोट चढवणं. यातलं जे जमत नाही ते साहित्य बदला. पाकीट फुटत नसेल तर खाऊ आधीच सोलून साध्या कागदात गुंडाळा.

खाणं-पिणं

तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे मध्यम रायडरचं माप. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात, अर्ध्या लिटरच्या बाटलीत ६ टक्क्यांचं गोड पेय असेल तर ३० ग्रॅम. म्हणजे तासाला एक बाटली आणि एक केळं. पहिला घास निघाल्यावर अर्ध्या तासात गेला पाहिजे आणि मग घड्याळ लावून दर २० मिनिटांनी थोडं थोडं. गारठ्यात कुडकुडण्यालाही इंधन लागतं, त्यामुळे भूक मेली तरी खाणं चालूच ठेवा.

पाणी थंडीत तासाला ४०० ते ६०० मिली, कडक उन्हात ७०० मिली ते एक लिटर. पावसात तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत, आणि उन्हात घाबरून नुसतं साधं पाणी ढोसतात. दुसरी चूक जास्त घातक आहे. रक्तातलं सोडियम उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, भान जातं. सराव राइडच्या आधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. २ टक्क्यांपेक्षा जास्त घटलं तर पिणं कमी पडलं. वाढलं तर जास्त प्यायलात. ओआरएसची पुडी ज्या प्रमाणात पाण्यात घालायला सांगितलीय त्याच प्रमाणात घालायची, दाट केल्याने फायदा होत नाही, पोट बिघडतं.

रस्त्यावर

वेग बघू नका, जोर बघा. समोरच्या वाऱ्यात वेग १६ वर आला तरी श्वास तोच राहिला पाहिजे: तुटक का होईना, बोलता येईल इतका.

गट ६ ते ८ जणांचा, पावसात दोन चाकांमध्ये २ ते ३ मीटर अंतर. वारा कापणाऱ्याच्या मागे चालल्याने बरीच ताकद वाचते, पण ओल्या रस्त्यावर थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागतं, हे विसरून चाकाला चाक लावणं म्हणजे एकाच्या चुकीने सहा जण पडणं. आडव्या वाऱ्यात तिरकी रांग करण्याचा मोह होतो. ती रस्त्याची पूर्ण रुंदी घेते, त्यामुळे वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावर करू नका.

रिम ब्रेकवर पहिली एक-दोन चक्रं नुसतं पाणी पुसण्यात जातात. दर काही मिनिटांनी हलकेच ब्रेक लावून रिम कोरडी करत राहा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही, आणि सायकल शक्य तितकी सरळ ठेवायची. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं, पुलाचे जोड, ओली पानं यांच्यावरून जाताना ब्रेक नको, वळणं नको, पेडलचा जोर नको. रूळ काटकोनात ओलांडा. बऱ्याच कोरड्या दिवसांनंतरच्या पावसात पहिला अर्धा तास सर्वात घसरडा असतो, रस्त्यावर साचलेलं तेल वर तरंगून येतं.

आडवा झोत बहुतेकदा आडोसा संपताना बसतो: घरांची रांग, दाट झाडी किंवा ओलांडणारा ट्रक पुढे गेल्यावर. हँडल घट्ट आवळू नका. कोपर वाकवून, हात खाली ठेवून, कडेपासून एक मीटर जागा राखा.

उतारासाठी जाकीट माथ्यावरच घालायचं, खाली काकडल्यावर नाही. ५ अंशांत ताशी ३० च्या वेगाने हवा अंगावर आली तर शून्यासारखं वाटतं, ० अंशांत ४० ने उणे ७ सारखं. उतरताना पाय हलके फिरवत राहा.

पावसात ट्यूब बदलणं

आधी आडोसा शोधा, त्यासाठी १०० मीटर सायकल ढकलावी लागली तरी चालेल. जाकीट काढू नका, उलट आणखी एक थर चढवा, कारण थांबल्याबरोबर शरीर थंड व्हायला लागतं. ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही, म्हणून ठिगळ लावायच्या भानगडीत पडू नका. दोन नव्या ट्यूब सोबत हव्यात.

चाक काढताना चेन सर्वात लहान दात्यावर घ्या. टायरची एक कड उतरवून जुनी ट्यूब काढा आणि व्हॉल्व्हच्या जागेवरून टायरवर खूण धरा. ट्यूबला थोडी हवा भरून गळती कुठे आहे ते ओठांजवळ धरून पाहा, बधिर बोटांना हवा जाणवत नाही. टायरवर त्याच जागी काच किंवा तार असणार. ती शोधायला बोट नको, फडकं फिरवा, ते अडकतं. हे न करता नवी ट्यूब घातली की ५ किलोमीटरवर तेच पंक्चर पुन्हा, हा पावसातला सर्वात नेहमीचा प्रकार. टायर आतून चिखल पुसून घ्या. टायरला चीर असेल तर आतून जाड प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जुन्या टायरचा कापलेला तुकडा ठेवा.

नव्या ट्यूबमध्ये दोन-तीन झटके हवा भरून तिला गोलाई आली की मग बसवा, म्हणजे ती पिळत नाही. टायरची कड चढवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करा आणि व्हॉल्व्ह आत दाबून पाहा, ट्यूब कडेखाली चिमटलेली असेल तर सुटते. मग पूर्ण हवा. कार्बन डायऑक्साइडची नळकांडी जलद असतात, पण तो वायू ट्यूबमधून लवकर झिरपतो, तेव्हा पुढच्या थांब्यावर साध्या पंपाने पुन्हा भरा. नळकांडं उघड्या हाताने धरू नका, ते गोठवणारं थंड होतं.

माणूस गारठला तर

आधी हातांची नजाकत जाते, मग जीभ जड होते, मग चिडचिड, मग अडखळणं. थांब्यावर येणाऱ्या प्रत्येकाला दोन कामं सांगा: जाकिटाची चेन स्वतः लाव आणि २० पासून उलटे आकडे म्हण. ‘मी ठीक आहे’ या उत्तराला किंमत देऊ नका. ज्याला चेन लावता येत नाही त्याची राइड तिथे संपली.

त्याला वाऱ्यापावसातून आत घ्या, ओले कपडे काढा, अंग टिपून कोरडं करा, टोपी घाला, खाली जाड चटई द्या कारण गार फरशी पाठीतून उष्णता ओढते. आधी कोरडे कपडे आणि पांघरूण, मग त्यावर वारा अडवणारं आवरण. चमकणारी फॉइलची चादर स्वतः उष्णता देत नाही, ओल्या जर्सीवर नुसती गुंडाळली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. पूर्ण शुद्धीत असेल आणि कप स्वतः धरता येत असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, गरम पाण्यात बुडवू नका, दारू देऊ नका. कुडकुडणं थांबलं पण माणूस बरळतोय किंवा गुंगीत आहे, ही सर्वात धोक्याची खूण. त्याला आडवा ठेवा, हळुवार हाताळा आणि रुग्णवाहिका बोलवा.

उन्हात उलट चित्र. बरळणं, झोक जाणं, कोसळणं दिसलं की उष्माघात धरून चला, अंगाला घाम असला तरी. इथे आधी थंड करणं, मग हलवणं. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत वाट बघत बसू नका: बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर मान वर धरून त्यात बसवा, नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल जास्तीत जास्त अंगावर टाका, दर दोन मिनिटांनी बदला आणि वारा घाला. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. उन्हाळी राइडच्या प्रत्येक थांब्यावर टब आणि २० किलो बर्फ ठेवा.

राइडनंतर

सायकल त्याच संध्याकाळी धुवा. साधं वाहतं पाणी पुरे, जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. सीटची नळी काढून सायकल उलटी धरा, फ्रेममध्ये साचलेलं पाणी बाहेर येतं. चेन पुसून तेल द्या, पॅड काढून पाहा.

आयोजकांचं काम अजून बाकी असतं. हजेरीचे कागद एकमेकांशी जुळवा आणि निघालेला प्रत्येक क्रमांक परत आल्याची किंवा घरी पोचल्याची खूण झाल्याशिवाय शेवटची गाडी सोडू नका. कुठे, किती वाजता, किती जण गारठले किंवा पडले याची नोंद दोन दिवसांत लिहून काढा, पुढच्या वर्षीच्या थांब्यांच्या जागा त्यावरून ठरतात. आधी सांगितलेल्या तारखेला पैसे संस्थेकडे वर्ग करा आणि देणगीदारांना एका पानाचा हिशोब पाठवा: एकूण जमा, वळता केलेला खर्च, दिलेली रक्कम, संस्थेची पोच. राइड लहान केली किंवा रद्द झाली असेल तर कुठल्या अटीमुळे, तो आकडाही त्याच पानावर लिहा.